तिसऱ्या मुलाचा रकाना

प्रिय धर्मग्रामस्थांनो,



मे महिन्याच्या अखेरीस आपल्या मदत समितीची बैठक झाली. विषय दरवर्षीचाच होता. जूनमध्ये शाळा उघडतात तेव्हा आपण वह्या-पुस्तके आणि गणवेशासाठी जो निधी वाटतो, त्याचे अर्ज पाहायचे होते. हा निधी देताना आपण कोणाचा धर्म विचारत नाही, याचा मला नेहमीच अभिमान वाटत आला आहे. यंदा अर्ज जास्त आणि पैसे कमी होते. एका अर्जापाशी सगळे थांबले. जवळच्या वाडीवरचे कातकरी कुटुंब, आईवडील आणि सहा मुले. त्यांतली चार शाळेत जाणारी.

एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "फादर, रेशन फुकट, घरकुल फुकट, आता वह्याही फुकट. पोरं होऊ देताना विचार कोणी करायचा?" दुसऱ्यांनी लगेच सुचवले की पुढच्या वर्षीपासून अर्जात एक रकाना घालावा : 'दोनपेक्षा जास्त मुले असल्यास अर्ज विचारात घेतला जाणार नाही.' बऱ्याच माना डोलल्या. सर्वांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "पाहू."

बंधू-भगिनींनो, त्या 'पाहू'ची मला लाज वाटते. शिवाय आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ती आई अर्ज द्यायला कार्यालयात आली होती, तेव्हा मीच हसत हसत तिला विचारले होते, "बाई, एवढी मुलं कशाला?" ती काही बोलली नाही. अर्ज टेबलावर ठेवून गेली. रात्री मला आठवले की मी स्वतः पाच भावंडांत शेवटचा. माझ्या आईला हा प्रश्न कोणी माझ्या देखत विचारला असता, तर मला काय वाटले असते?

म्हणून आज या पानावर त्या रकान्याविषयी चार शब्द लिहितो.

प्रथम एक सांगतो. ही तक्रार करणारी माणसे वाईट नाहीत. पहाटे काळोखात बोटीवर जाणारे, थळच्या खत कारखान्यात पाळीची नोकरी करणारे, आखातात ऐन उमेदीची वर्षे घालवून इथे घर बांधणारे असे ते आपलेच लोक आहेत. त्यांनी दोन मुलांवर थांबून त्यांना कर्ज काढून शिकवले. शेजारी कोणी आवर न घालता मदत घेतो असे दिसले की मनात येते, मग आम्ही आवर घातला तो काय मूर्खपणा होता? हा प्रश्न न्यायाचा आहे. 'दया करा' एवढे सांगून तो सुटत नाही. त्याला न्यायाच्याच भाषेत उत्तर द्यायला हवे.

आधी गैरसमज दूर करू. 'जेवढी मुले जास्त तेवढी सरकारी मदत जास्त' असे आपण बोलून जातो. प्रत्यक्षात काय आहे? डिसेंबर २००० मध्ये सुरू झालेल्या अंत्योदय योजनेत कार्डामागे महिन्याला ३५ किलो धान्य मिळते. घरात चार माणसे असोत की नऊ, धान्य तेवढेच. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने इतर गरीब कुटुंबांना माणशी ५ किलो ठरवले. आता हिशेब करा. आठ माणसांच्या अंत्योदय घरात माणशी साडेचार किलोही येत नाही. म्हणजे जे सर्वांत गरीब, त्यांचेच घर मोठे असेल तर त्यांना माणशी कमी मिळते. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे, पण मोफत झाले म्हणून ते वाढलेले नाही.

घरकुलाचेही तसेच. केंद्राच्या ग्रामीण आवास योजनेत सपाटीच्या भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात आणि घर किमान २५ चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे २७० चौरस फुटांचे धरलेले असते. कातकऱ्यांसारख्या अतिमागास आदिवासी जमातींसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये जी वेगळी योजना आली, तिच्यात ही रक्कम २ लाख आहे. मुले किती यावर रक्कम वाढत नाही. शिवाय घरकुलाला जागा लागते. ज्या वाडीखालची जमीन दुसऱ्याच्या सात-बारावर आहे, तिथे मंजूर घरकुलही कागदावरच राहते. मांडवा, किहीम, आवास या पट्ट्यात जमिनीला काय भाव आहे हे आपणा सर्वांना ठाऊक आहे.

आणि बाळंतपणाची मदत? २०१३ च्या कायद्याने गरोदर मातांना किमान ६ हजार रुपयांचा हक्क दिला. २०१७ ची मातृवंदना योजना आली ती पहिल्या बाळापुरती, ५ हजारांची. २०२२ पासून दुसरे बाळ मुलगी असेल तर तिच्यासाठीही मदत मिळू लागली. तिसऱ्या बाळाला त्या योजनेत जागा नाही. तेव्हा सरकारी मदतीसाठी कोणी मुले वाढवते, हे म्हणणे हिशेबाला टिकत नाही. अंत्योदयाच्या घरात तिसरे मूल म्हणजे त्याच भाकरीचा आणखी एक वाटेकरी.

दुसरा गैरसमज असा की गरिबांची मुले वाढतच चालली आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात १९९२-९३ मध्ये एका स्त्रीमागे सरासरी सुमारे २.९ मुले होती, २०१९-२१ मध्ये १.७. ही घट केवळ श्रीमंतांच्या घरात झालेली नाही. मुली शाळेत टिकल्या, जन्मलेली बाळे जगू लागली, गावात नर्सबाई पोहोचल्या, तशी कुटुंबे लहान झाली. जिथे हे पोहोचले नाही तिथे ती मोठी राहिली. दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जाणारे आणि पावसाच्या तोंडावर परतणारे कुटुंब मुलांना बरोबर नेते. त्या मुलीची शाळा सुटते, तिचे लग्न लवकर होते आणि तिच्या घरी पुन्हा तेच. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०१५ मध्ये मनिलाहून परतताना, कॅथलिकांनी सशांसारखी मुले वाढवत राहावे असे नाही, असे सांगितले. ते वाक्य सर्वांच्या लक्षात राहिले. त्याच आठवड्यात रोममध्ये ते म्हणाले की मोठ्या कुटुंबांना गरिबीचे कारण ठरवणे फारच सोपे झाले. माणसाला मध्यभागातून हटवून पैसा तिथे बसवणारी अर्थव्यवस्था हे मुख्य कारण आहे. ते मात्र आपण विसरलो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आपण दोन वेगळे प्रश्न एकात मिसळतो. पहिला प्रश्न : आईवडिलांनी विचार करून मुले होऊ द्यावीत का? याचे उत्तर 'हो' असेच आहे. आपली ख्रिस्तसभाही जबाबदार पालकत्व शिकवते आणि विवाहपूर्व शिबिरात मी ते दर वेळी सांगतो. दुसरा प्रश्न : जन्मलेल्या मुलाला वही मिळावी का? हा प्रश्न त्या मुलाविषयी आहे. त्याने आपला नंबर निवडलेला नाही. पहिले कोण आणि सहावे कोण हे त्याच्या हाती नव्हते. न्याय म्हणजे ज्याचे त्याला देणे, हे आम्हाला सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या पहिल्या वर्षी शिकवले. मग बापाच्या चुकीची शिक्षा, ती चूक आहे असे धरले तरी, मुलाच्या खात्यावर कशी मांडता येईल? आपण तो रकाना आईवडिलांना धडा शिकवायला घालणार, आणि वर्गात वहीशिवाय बसणार ती मुलगी. धडा चुकीच्या पत्त्यावर जाणार.

काही जण संत पौलाचा आधार देतात : काम नको असेल त्याने खाऊही नये. पण पौलाने हे काम करण्याची इच्छा नसलेल्यांविषयी लिहिले. वीटभट्टीवर पहाटेपासून माती तुडवणाऱ्या जोडप्याला हे वचन लावणे म्हणजे शास्त्राशी खोटेपणा आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात याहून पुढची गोष्ट मांडली. त्यांच्या मते पृथ्वीवरील वस्तू अखेर सर्वांच्या गरजेसाठी आहेत, म्हणून ज्याच्यापाशी गरजेपलीकडचे आहे त्याच्या त्या जास्तीच्या भागावर गरजूचा हक्क पोहोचतो. तेव्हा मदत देताना आपण मोठेपणा मिरवायचे कारण नाही.

हा रकाना नवा नाही. १७९८ मध्ये लोकसंख्येवरचा प्रसिद्ध निबंध लिहिणारे माल्थस हे इंग्लंडमधील धर्मोपदेशक होते. गरिबांना मदत दिली तर ते मुले वाढवतात, म्हणून मदत हळूहळू बंद करावी, असे त्यांचे म्हणणे. त्या विचाराच्या छायेत १८३४ चा कायदा झाला आणि मदत मागणाऱ्या कुटुंबांना कामगृहांत टाकून नवरा, बायको, मुले वेगळी ठेवण्यात आली. आपल्याकडेही १९७६ साली, आणीबाणीत, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने तो कायदा झाला नाही, पण ते मंजूर करणारे हात आपल्यासारख्याच सुशिक्षित माणसांचे होते. सप्टेंबर २००१ नंतर तिसरे मूल झालेल्याला ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. याबाबत वेगवेगळी मते असू शकतात. परंतु पुढारीपण नाकारणे आणि मुलाची वही नाकारणे यांत फरक आहे.

शेवटी आपल्या स्वतःकडे पाहू. जुनी करप्रणाली निवडणाऱ्या पगारदाराला राहत्या घराच्या कर्जावरील २ लाखांपर्यंतचे व्याज वर्षाच्या उत्पन्नातून वजा करता येते. ३० टक्के कर भरणाऱ्याचे त्यात वर्षाला सुमारे ६० हजार वाचतात. दोन वर्षांत एका घरकुलाएवढी रक्कम झाली! बोटींना डिझेलवरील कराचा परतावा मिळतो. खाऱ्या पाण्यापासून भातशेती वाचवणाऱ्या बांधांवर सरकारी पैसा खर्च होतो. हे सर्व योग्यच आहे. पण त्याला आपण 'सवलत' आणि 'परतावा' म्हणतो, 'फुकट' म्हणत नाही, आणि ते घेताना तुमची मुले किती असे आपल्याला कोणी विचारत नाही. आपल्यातल्या वयस्कर मंडळींना चर्चच्या आवारात वाटली जाणारी अमेरिकन दुधाची पावडर आठवत असेल. रांगेत एकेका घरची सात-आठ मुले डबे घेऊन उभी असायची. आपल्या बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवह्या उघडल्या तर तीच घरे पानोपानी सापडतात. त्यांतील कितीतरी मुले पुढे शिक्षक झाली, नर्स झाली, काही धर्मगुरूही झाले.

द्राक्षमळ्याच्या धन्याचा दाखला आपण सर्वांनी ऐकला आहे. शेवटच्या तासाला आलेल्या मजुरालाही त्याने दिवसभराची मजुरी दिली. सकाळपासून राबलेले कुरकुरले, आणि त्यांची कुरकुर समजण्यासारखी होती. पण त्या शेवटच्या मजुराच्या घरीही संध्याकाळी चूल तेवढीच पेटायची होती. धन्याने सकाळच्या मजुरांचे काहीच कापले नव्हते.

तेव्हा तो रकाना अर्जात घालू नये, असे मी समितीला लेखी कळवले आहे. पैसे कमी आहेत ही अडचण खरी आहे. म्हणून मुलांची संख्या पाहण्याऐवजी, कोणते मूल शाळा सोडण्याच्या बेतात आहे हे शिक्षकांना विचारून त्याला आधी द्यावे, असे माझे म्हणणे आहे. हा धर्मगुरूचा हुकूम म्हणून मान्य करू नका. ज्यांना पटत नाही त्यांनी येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर सभागृहात यावे आणि मोकळेपणाने बोलावे. करदात्याच्या तक्रारीला माझ्याकडून काही उत्तर राहून गेले असेल तर तेही ऐकायला मी तयार आहे.

त्या चार मुलांच्या वह्या-पुस्तकांचे पैसे या वर्षीच्या निधीतूनच जातील. त्या नेऊन देण्याचे काम मी स्वतःकडे घेतले आहे, कारण त्या बाईंची मला क्षमा मागायची आहे.

प्रभू आपणा सर्वांच्या कुटुंबांना, लहान असोत वा मोठी, आशीर्वादित करो.

आपला,
धर्मगुरू