थंडीतील शेकोटी आणि वाटेवरचा परका

शास्त्रभाग : प्रेषितांची कृत्ये २८:१-१०, लूक १०:२५-३७



पौष-माघाचे दिवस आले म्हणजे आपल्या वसई-विरारच्या पूर्वेस, जेथे मुंबई-अहमदाबाद महामार्ग तुंगारेश्वराच्या डोंगरपायथ्याने जातो, तेथे पहाटेचा प्रवास कठीण होतो. रात्र निरभ्र असते, जमीन लवकर निवते, आणि खाडीकडील व नदीपात्रांतील ओलसर हवा तिच्यावर धुके होऊन बसते. अशा वेळी मोटारीचा मोठा दिवा लावावा, तर त्याचा उजेड धुक्यावरून उलट चालकाच्याच डोळ्यांवर येतो. न लावावा, तर पुढे उभी असलेली मालगाडी दिसत नाही. अशा वाटेवर मनुष्यास आपल्या बळाचा भरवसा राहत नाही. कोणा अनोळखी मनुष्याच्या दयेवर आपला जीव अवलंबून आहे, हे त्याला तेथे कळते.

संत पौलास हे मिलिता बेटावर कळले. त्या बेटास आज माल्टा म्हणतात. तारू फुटले, आणि शिपाई, खलाशी व बंदिवान मिळून २७६ माणसे भिजलेल्या अंगाने किनाऱ्यास लागली. पाऊस पडत होता व गारठा होता. तेथील रहिवाशांस पवित्र लेखक बर्बर म्हणतो. म्हणजे त्यांची भाषा परकी, चालीरीती परक्या. त्यांच्यापैकी कोणी पौलाचा उपदेश ऐकला नव्हता. तरी त्यांनी काय केले? शेकोटी पेटविली आणि सर्वांस जवळ घेतले. यांत बंदिवान कोण, शिपाई कोण, कोणाचा देव कोणता, हे आधी विचारल्याचे शास्त्रात लिहिलेले नाही. थंडीने कुडकुडणारी माणसे समोर होती, एवढे त्यांस पुरे झाले.

या वचनाचा अर्थ आम्हांस पुस्तकातून कळला नाही, तर रस्त्यावर कळला, तो येथे सांगतो. काही वर्षांमागे माघातील एका रविवारी पहाटे आम्ही मनोरकडील एका मंडळीच्या उपासनेस जीपगाडीने निघालो होतो. विरार फाटा मागे पडल्यावर गाडीचे चाक फुटले आणि दिवेही विझले. गाडी अर्धी रस्त्यावर, भोवती धुके, आणि मागून येणाऱ्या मालगाड्यांचा घरघराट. इतक्यात एका मालगाडीवाल्याने आपली गाडी आमच्या मागे काही अंतरावर कडेस उभी करून तिचे लुकलुकणारे दिवे लावून ठेविले. तो उत्तरेकडचा होता, हिंदी बोलत होता. पलीकडे वीटभट्टी होती. दिवाळीनंतर गाव सोडून भट्टीवर आलेली कातकरी कुटुंबे तेथे राहत होती. त्यांच्यातील बायाबापड्या जळती लाकडे घेऊन आल्या आणि कडेस शेकोटी केली. त्यांच्या लेकरांच्या अंगावर पुरते वस्त्र नव्हते. तरी एकीने आपली गोधडी आमच्या सोबतच्या वृद्ध भगिनीच्या खांद्यांवर घातली. कोरा चहा झाला. मालगाडीवाल्याने स्वतः चाक बदलून दिले, पैसे घेतले नाहीत, आणि आम्ही नाव विचारण्याच्या आत तो निघूनही गेला. आम्ही प्रीतीवर उपदेश करावयास निघालो होतो. तो उपदेश आमच्या आधी तेथेच होऊन गेला.

परंतु त्या शेकोटीपाशी आमचे अंग ऊबले, मन मात्र ऊबले नाही. कारण त्याच रस्त्यावर, त्याच्या आदल्या वर्षी, सायंकाळच्या वेळी, एक दुचाकी पडलेली व तिच्याजवळ एक मनुष्य आडवा झालेला आम्ही पाहिला होता, आणि आम्ही थांबलो नव्हतो. सभेची वेळ झाली होती. पोलीस प्रश्न विचारतील, पुढे कोर्टाच्या तारखा पडतील, असेही मनात आले. कोणीतरी थांबेलच, असे आम्ही चालकास सांगितले. तो मनुष्य वाचला की नाही, हे आम्हांस आजही ठाऊक नाही. याजक व लेवी यांची नावे आम्ही उपदेशात मोठ्या आवेशाने घेत आलो. त्या सायंकाळी त्यांच्या ओळीत तिसरे आम्ही होतो.

बंधूंनो, जे भय आम्हांस वाटले ते तुम्हांसही वाटत असेल, म्हणून स्पष्ट सांगतो. त्या भयास आता आधार उरलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी अपघातग्रस्तास मदत करणाऱ्याच्या रक्षणाचे नियम देशभर बंधनकारक केले. आणि सन २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम घालण्यात आले. सद्भावाने मदत करणाऱ्यावर त्या मदतीबद्दल खटला होऊ शकत नाही, आणि त्याने आपले नाव सांगावे अशी सक्ती पोलिसांस वा रुग्णालयास करिता येत नाही. या कलमात अशा मनुष्यास ‘गुड समॅरिटन’ म्हटले आहे. म्हणजे आपल्या प्रभूने सांगितलेल्या दाखल्यातील शोमरोनी मनुष्याचे नाव देशाच्या कायद्याने घेतले आहे. कायदा त्याची वाट मोकळी करितो आणि प्रभूचे शिष्य मात्र बाजूने निघून जातात, हे शोभेल काय?

आता मिलितेच्या गोष्टीतील दुसरा भाग पाहा. पौल काटक्या गोळा करून विस्तवावर घालीत होता, तोच एक विषारी साप निघून त्याच्या हाताला डसला. लोक म्हणू लागले, हा खचित खुनी असेल. संशय त्यांच्याही मनात आला; परंतु त्यांनी हात उचलला नाही. ते पुष्कळ वेळ पाहत राहिले, आणि पौलास काही होत नाही असे दिसल्यावर त्यांनी आपले मत बदलले.

आपल्याच पालघर जिल्ह्यात असे थांबणे झाले नाही. १६ एप्रिल २०२० च्या रात्री, टाळेबंदीच्या दिवसांत, दोन साधू व त्यांचा मोटारचालक एका अंत्यविधीसाठी सुरतेकडे निघाले होते. मुले पळविणारे चोर फिरत आहेत अशी अफवा गावोगाव उठली होती. गडचिंचले येथे जमावाने त्यांस अडविले आणि तिघांचाही जीव घेतला. कोणा जातीस वा गावास दोष लावण्यासाठी आम्ही ही गोष्ट काढीत नाही. आपल्या मनाची परीक्षा व्हावी म्हणून काढितो. अफवा आपल्याही वस्तीत येते, आणि हल्ली ती हातातल्या यंत्रातून क्षणात येते. त्या वेळी आपण मिलितेच्या लोकांप्रमाणे थांबू काय? आपल्या पाड्यातील उपदेशक पुढे होऊन, आधी विचारपूस करा, पोलिसांस बोलवा, हात उचलू नका, असे म्हणेल काय? परक्यास शेकोटी देणे ही दया होय. परंतु त्याच्याविषयी वाईट ऐकूनही हात आवरणे, हीसुद्धा दयाच होय, आणि ती अधिक कठीण आहे.

शेवटी काही करण्याजोग्या गोष्टी सांगतो, कारण शोमरोन्याने नुसता कळवळा केला नाही, त्याने जखमा बांधल्या. धुक्यात गाडी हळू चालवा व दिवा खालचा ठेवा. बैलगाडीच्या मागे चकाकणारी पट्टी लावा. अपघात दिसला तर आधी मागून येणाऱ्यांस दुरून सावध करा, आणि १०८ वर रुग्णवाहिकेस किंवा ११२ वर पोलिसांस कळवा. रक्त वाहत असेल तेथे स्वच्छ फडके घट्ट दाबून धरा. शुद्ध नसलेल्यास पाणी पाजू नका. मान किंवा पाठ दुखावली असेल असे वाटल्यास, जीवास दुसरा धोका नसता, त्यास हलवू नका. आणि घोंगडी घाला. जखमी मनुष्यास फार थंडी वाजते. पहिला तास मोलाचा आहे. त्या तासात शहरातला डॉक्टर तेथे नसतो, तुम्ही असता.

ज्यांची घरे रस्त्याकाठी आहेत, त्यांनी आपण गरीब आहोत असे म्हणू नये. भट्टीवरच्या त्या बाईजवळ एकच गोधडी होती. आणि जे मोटारीतून जातात, त्यांनी आपणांस वेळ नाही असे म्हणू नये. आम्ही तसे म्हटले होते, आणि त्याचा पश्चात्ताप आम्ही अद्याप वाहत आहो.

ज्या प्रभूस जन्मताच उतारशाळेत जागा मिळाली नाही, तो या थंडीत आपल्या वाटेवर परका होऊन उभा राहील, तेव्हा त्यास ओळखण्याची बुद्धी, थांबण्याचे धैर्य आणि शेकोटी पेटविण्यास तत्पर हात तो आम्हां सर्वांस देवो. आमेन.