इर्जिक

एखाद्याची नांगरट मागं पडली, बैल बसला, घरात आजारपण आलं, की आमच्या माणदेशात इर्जिक घालायचे. आदल्या रात्री तो गडी चार घरं फिरायचा आणि दिवस उगवायला त्याच्या रानात आठ-दहा नांगर उभे राहायचे. दुपार कलायच्या आत रान उलथं व्हायचं. कुणी पैसा घेत नव्हतं. घरधन्यानं पोटभर जेवायला घालायचं, एवढाच व्यवहार. माझ्या बापानं दोनदा इर्जिक घातली आणि दुसऱ्यांच्या इर्जिकीला किती वेळा गेला याची मोजदाद नाही. माणुसकी म्हणजे काय, असं पोरांनी विचारलं की मी हेच उदाहरण द्यायचो. पण मुलुंडला एक रविवार काढून आल्यापासून ते देताना मी जरा थांबतो.

थोरला पोरगा मुलुंडला राहतो. दिवाळी झाली की मी पंधरा दिवस त्याच्याकडं जातो. त्याच्या शेजारी बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब आहेत. त्यांना सुतारकामाचा नाद. गॅलरीत रंधा मारत बसायचे. मग एक करवतीचं मशीन आणलं, त्याच्या आवाजानं वरचे-खालचे भांडायला आले. तेव्हा साहेबांनी फंडाच्या पैशातून एलबीएस रोडच्या बाजूला एक मोठा गाळा भाड्यानं घेतला. त्या अंगाला पूर्वी कारखाने होते. बरेच बंद पडले, काहींच्या जागी टॉवर झाले, पण मधेमधे गाळ्यांच्या इस्टेटी अजून तग धरून आहेत. साहेबांनी जुन्या बाजारातून मशीनं गोळा केली. रंधा मारायचं, फळ्या कापायचं आणि एक पट्ट्याच्या करवतीचं, अंगानं बैलाएवढं. बिडाचं धूड, चारेकशे किलोचं.

ते बसवायला त्या रविवारी त्यांचे दोस्त आले. सगळे लाकडाचे नादिष्ट. एक दातांचा डॉक्टर, एक मोटरमन, एक शाळामास्तर, दोघं-तिघं कंप्युटरवाले. कुणी थ्री फेजची वायर ओढत होतं, कुणी भुसा खेचायचे पाइप टांगत होतं. पण ते धूड काही टेम्पोतून हलेना. मी म्हटलं, “साहेब, पहार आहे का? आणि चार लोखंडी पाइप?” विहिरीचे दगड आम्ही असेच हलवलेत. फळ्यांचा उतार केला, दोर लावून धरलं, खाली पाइप घातले, मागनं पहारीनं जरा उचकटायचं आणि पुढचा पाइप सरकवायचा. तासाभरात मशीन जागेवर. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. मग भुशावर पेपर अंथरून वडापाव आणि चहा. मला वाटलं, ही तर इर्जिक! बैलांच्या जागी डॉक्टर आणि मोटरमन, एवढाच काय तो फरक.

मी साहेबांना तसं बोललो. ते खूश झाले. म्हणाले, “तात्या, मला हे सुचलं ते अंधेरीवरून.” मग त्यांनी मेकर्स असायलमची हकिकत सांगितली. वैभव छाब्रा नावाचा तरुण इंजिनियर. 2013 साली वांद्र्यात त्याच्या ऑफिसचं छत कोसळलं, टेबलं-खुर्च्या मोडल्या. नवीन विकत आणण्याऐवजी त्यानं लोकांना हाक दिली, या, मिळून बनवू. लोक आले, आणि टेबलं झाल्यावरही येतच राहिले. त्यातनं एक सामाईक वर्कशॉप उभं राहिलं, पुढं ते अंधेरीला गेलं. वर्गणी भरावी, तिथली मशीनं वापरावीत, एकानं दुसऱ्याला शिकवावं. 2020 साली करोना आला तेव्हा याच लोकांनी डॉक्टर-नर्सबायांसाठी तोंडावरच्या पारदर्शक ढाली बनवायला घेतल्या. गावोगावच्या अशाच हौशी कारागिरांना जोडून घेतलं, आणि 49 दिवसांत 42 शहरांतून दहा लाख ढाली तयार केल्या. पुढं ते वर्कशॉप गोव्याला गेलं. छत पडलं म्हणून हाक दिली आणि माणसं धावली. याहून चांगली इर्जिक कुठली?

दुपारी मिस्त्री आला. उत्तरेकडचा, पन्नाशीचा माणूस, ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात वीस वर्षं काढलेला. फळ्या कापायच्या मशीनवर लाकूड अडकत होतं, धक्का देऊन मागं येत होतं. नादिष्टांनी दोन तास खटपट केली होती. मिस्त्रीनं पात्याच्या एका दातावर खडूची खूण केली. तो दात पुढं आणून बाजूच्या पट्टीपासूनचं अंतर लाकडाच्या काडीनं मापलं. मग पातं हातानं फिरवून तोच दात मागं नेला आणि तिथं तीच काडी लावली. काडी घट्ट अडकली. म्हणजे पातं आणि पट्टी समांतर नव्हती. बोल्ट ढिले केले, पट्टी हातोडीनं दोनदा ठोकली, परत मापलं, आवळलं. अर्धा तास. लाकूड लोण्यासारखं कापायला लागलं. त्या दिवशीचं सगळ्यात मोलाचं काम त्याचंच होतं. नाहीतर कुणाचं तरी बोट गेलं असतं.

त्यानं बाराशे मागितले. घासाघीस झाली, आठशेवर तुटलं. पैसे घेऊन, “चलता हूँ बाबूजी,” म्हणून तो गेला. उरलेले वडापाव तिथंच पुडक्यात होते. घे म्हणायचं कुणालाच सुचलं नाही. मीही तिथंच बसलो होतो.

रात्री झोप येईना. मला आमचा सुतारनाना आठवला.

आमच्या गावी सुताराला नांगरामागं ठरलेली जोंधळ्याची रास होती. त्या बदल्यात नांगर, कुळव, पाभर वर्षभर नीट करून द्यायची. इर्जिकीच्या दिवशी नाना वाकस आणि पटाशी घेऊन बांधावरच्या बाभळीखाली बसायचा. दहा नांगर चालले की कुणाचं जू तडकायचं, कुणाची शिवळ मोडायची. नाना तिथंच ताशीव तुकडा बसवून द्यायचा. तो नसता तर निम्मे नांगर दुपारच्या आधीच थांबले असते. पण इर्जिकीला कोण-कोण आलं होतं हे सांगताना बाप सगळ्यांची नावं घ्यायचा, नानाचं घेत नव्हता. त्याला बलुतं होतं ना.

1972 च्या दुष्काळानंतर पाऊस आला त्यात नानाच्या घराची भिंत बसली. नाना कुणाच्या दारात गेला नाही. गावानंही इर्जिक केली नाही. कुणी वाईट नव्हतं हो. “त्याला आपण देतोयच की,” एवढंच सगळ्यांच्या मनात. नाना आणि त्याची बायको महिनाभर माती तुडवत होती. मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा, येता-जाता बघायचो. पुढं लोखंडी नांगर आले, मग ट्रॅक्टर आला, बलुतं आटत गेलं. माझ्या हातात कारभार आल्यावर उरलंसुरलं मी बंद केलं. नाना मुंबईला जावयाकडं गेला. जोगेश्वरीला फर्निचरच्या दुकानात हात चालवतो, असं कानावर आलं. दर दिवाळीला मी मुलुंडला जायचो, पण जोगेश्वरीला कधी गेलो नाही.

मला वाटायचं, पैसे न घेता केलेलं काम हे पैशाच्या कामापेक्षा थोर. आता तसं वाटत नाही. इर्जिकीत फुकट काही नव्हतंच. आज मी तुझ्याकडं आलो, उद्या तू माझ्याकडं येशील, हा हक्क प्रत्येक जण घरी घेऊन जायचा. तो हक्क नांगरवाल्यांचाच होता. नानाला जोंधळा मिळाला, हाक द्यायचा हक्क मिळाला नाही. पैसे दिले की आपण मोकळे होतो. म्हणून ज्याच्याशी बांधून घ्यायचं नाही, त्याला आपण पैसे देतो, तेही घासाघीस करून.

कुणी म्हणेल, मग त्या दहा लाख ढालींचं काय? त्या तर अनोळखी माणसांसाठी होत्या. खरं आहे. माणूस बरोबरीच्यालाच मदत करतो असं म्हणणं चूक ठरेल. पण लांबच्या अनोळखी माणसासाठी जीव टाकणं एक वेळ सोपं. ज्याचा दर ठरलेला आहे असा माणूस रोज समोर असतो, त्याला पंगतीत घेणं अवघड. मिस्त्रीनं मजुरी घेतली यात गैर काही नाही, त्याचं पोट त्यावर आहे. त्याला फुकट राबवलं असतं तर ते जास्त वाईट. मजुरी द्यायचीच. पण मजुरी दिल्यावरही काही उरतं का, एवढाच माझा प्रश्न.

निघायच्या आदल्या दिवशी मी साहेबांना विचारलं, “त्या मिस्त्रीला कधी मशीन लागलं, तर गाळा देशील का वापरायला?” ते गप्प झाले. मग म्हणाले, “तात्या, काही अपघात झाला तर?” तेही खोटं नव्हतं. पण माणूस सरळ. मिस्त्रीला त्यांनी फोन केला.

शिमग्याला पोरगा गावी आला तेव्हा म्हणाला, मिस्त्री दोनदा आला, दाराच्या चौकटी रंधून नेल्या, लाइट बिलाचे पैसे टेबलावर ठेवून गेला. नंतर आला नाही.

“का रं?”

“कुणास ठाऊक. कुणी विचारलं नाही.”

मी पोराला म्हटलं, विचार. आणि जोगेश्वरीला सुतारनानाच्या जावयाचं दुकान सापडतंय का, तेवढं बघ. नाना आता नसणार. पण त्याची नातवंडं असतील.