शेवटचे चार टक्के

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



या गुरुवारचा विषय थोडा वेगळा आहे. आपल्या हातातला मोबाईल आणि त्याची बॅटरी. प्रवचनाच्या जागी हे काय, असं कुणाला वाटेल. पण कृपा करून शेवटपर्यंत वाचा. आमच्याकडून झालेल्या एका चुकीतून हा विषय आला आहे, आणि ती चूक उद्या कोणत्याही घरात होऊ शकते.

आपल्या केंद्रातल्या एका ताईंची ही हकिगत. त्यांना विचारूनच लिहीत आहोत, नाव मात्र देत नाही. ताईंचं माहेर शिरपूर तालुक्यात, तापीकाठी. पंचवीस वर्षांपूर्वी लग्न होऊन त्या सुरतेला आल्या. आधी लिंबायतला भाड्याची खोली, मग मुलं मोठी झाल्यावर इकडे कामरेजला छोटा फ्लॅट. आपल्यापैकी कितीतरी घरांची गोष्ट अशीच आहे. खानदेशातून आलो, मिल, लूम, मार्केट यांच्यावर संसार उभा केला, आणि माहेर उरलं ते फोनवर.

मागच्या श्रावणातल्या एका गुरुवारी रात्री आठ ते दहा लाईव्ह प्रवचन होतं. आम्हीच ग्रुपवर तीन-तीनदा मेसेज टाकला होता. सगळ्यांनी लाईव्ह बघा, पूर्ण बघा, मध्ये बंद करू नका, शेवटी हजेरी म्हणून नमस्कार लिहा. ताईंनी तसंच केलं. मोबाईल डब्याला टेकवून ठेवला, ब्राइटनेस पूर्ण, आवाज पूर्ण, नेट चालू. दहा वाजता नमस्कार लिहिला तेव्हा बॅटरी चार टक्के राहिली होती. चार्जर स्वयंपाकघरात होता. दिवसभराच्या कामाने पाय दुखत होते. सकाळी लावू, असं म्हणून त्यांनी मोबाईल उशाशी ठेवला आणि त्या झोपल्या.

सव्वाअकराला धुळ्याहून भावाचा फोन सुरू झाला. आईला अचानक त्रास होऊन दवाखान्यात आणलं होतं. आई शुद्धीवर होती आणि सारखं म्हणत होती, लेकीला फोन लावा. भाऊ लावत होता, मोबाईल बंद. ताईंचे मिस्टर रात्रपाळीला, तिथे मोबाईल लॉकरमध्ये ठेवावा लागतो. शेजारच्या कुणाचा नंबर भावाकडे नव्हता. पहाटे साडेपाचला मिस्टर बाहेर आले तेव्हा त्यांना अकरा मिस्ड कॉल दिसले.

दोघं तशीच निघाली. बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर. कोंडाईबारी घाटात रेंज नव्हती. घाट ओलांडून दहिवेल आलं, मोबाईल लागला, आणि निरोप आला की आई गेली.

तेराव्यानंतरच्या गुरुवारी ताई केंद्रात आल्या. रागावल्या नाहीत, रडल्याही नाहीत. फुलं निवडता निवडता एवढंच बोलल्या, "आपलं प्रवचन ऐकताऐकताच बॅटरी उतरली हो त्या रात्री. आईला माझा आवाज ऐकायचा होता."

आम्ही सगळ्या गप्प झालो. ताईंचं आयुष्यच तेवढं होतं, असं म्हणून सोडून देता आलं असतं. पण मन मानेना. आम्ही ही गोष्ट महाराजांच्या कानावर घातली. महाराजांनी विचारलं, "तिने बॅटरी कशावर खर्च केली?" आम्ही म्हटलं, आपल्या प्रवचनावर. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग ताईला शिकवायला जाऊ नका. तुम्ही शिका. जी वस्तू रोज हातात असते तिचा स्वभाव आधी समजून घ्या."

म्हणून आम्ही तिघी-चौघी कामरेज चार रस्त्यावर गेलो. तिथे एका गुरुबंधूंचा मुलगा मोबाईल रिपेरिंग करतो. त्याने आमच्यासमोर एक जुना मोबाईल उघडला. आत बघितलं तर निम्म्याहून जास्त जागा बॅटरीनेच घेतलेली. बाकी सगळं, कॅमेरा, स्पीकर, सर्किट, कडेकडेने दाटीवाटीने बसवलेलं.

तो म्हणाला, "काकू, हा टिफिन समजा. डबा तेवढाच आहे. भाकरी जास्त भरली की भाजीला जागा कमी. मोबाईल बनवणाऱ्याला रोज हेच ठरवावं लागतं." बॅटरी मोठी केली तर मोबाईल जड आणि जाड होतो. पातळ केला तर बॅटरी लहान होते. स्क्रीन मोठी आणि चकचकीत केली तर चार्जिंग लवकर संपतं. लवकर चार्ज होईल असं केलं तर गरम जास्त होतो. पाणी-धूळ आत जाऊ नये म्हणून पाठ चिकटवून टाकली तर पूर्वीसारखी नखाने उघडून बॅटरी बदलता येत नाही. सगळं एकदम कुणालाच मिळत नाही. महागातल्या महाग मोबाईललाही कशावर तरी पाणी सोडावंच लागतं.

घरी येऊन आम्ही थोडं वाचलं, मुलांना विचारलं. हातात धरून बोलायचा पहिला विकत मिळणारा मोबाईल मोटोरोलाने १९८३ साली आणला. त्याचं वजन पाऊण किलोच्या वर. दहा तास चार्ज करायचा तेव्हा अर्धा तास बोलणं व्हायचं. पुढे १९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. आज आपल्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये त्याच जातीची बॅटरी आहे. तिचा पाया घालणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१९ चं नोबेल मिळालं. त्यांतले गुडइनफ आजोबा तेव्हा ९७ वर्षांचे होते. इतक्या वयात नोबेल आजवर दुसऱ्या कुणाला मिळालेलं नाही.

आणि आता ऐका, आम्हाला सगळ्यात जास्त विचारात पाडणारी गोष्ट. नोकियाचा ११०० नंबरचा साधा बटणांचा मोबाईल आठवतो ना? २००३ साली आला होता. वर टॉर्च, धूळ जाऊ नये असा रबरी कीपॅड. जगभरात पंचवीस कोटींच्या वर विकला गेला. त्याची बॅटरी होती ८५० एमएएचची, आणि एकदा चार्ज केला की तीन-चार दिवस बघायला नको. आजच्या मोबाईलची बॅटरी ५००० एमएएचची असते, जवळजवळ सहापट. तरी रात्र होईतो तो चार्जर मागतो.

बॅटरी सहापट वाढली, मग दिवस का घटले? कारण मागणी त्याहून जास्त वाढली. मोठी स्क्रीन, सतत नेट, सतत लोकेशन, आपण न उघडता मागे चालू राहिलेली दहा ॲप. रेंज कमी असेल तिथे तर टॉवर गाठायला मोबाईल आणखी जोर लावतो, आणि नुसता पर्समध्ये पडून असला तरी उतरतो.

आता आपल्या घराकडे बघा. आपल्या आईंनी पाट्यावर वाटलं, विहिरीचं पाणी ओढलं. आपल्याकडे मिक्सर आहे, मशीन आहे, गॅस आहे. हाताशी वेळ किती वाढला! तरी संध्याकाळी विचारलं तर उत्तर एकच, "वेळच नाही हो." सासूबाईंजवळ दहा मिनिटं बसायला वेळ नाही, माळ ओढायला वेळ नाही. आपलीही मागची ॲप चालूच असतात. जाऊ काय बोलली, ग्रुपवर कुणी उत्तर का दिलं नाही, शेजारणीने कोणता फ्रिज घेतला. आपण उघडलेलं काहीच नसतं, पण मन उतरत जातं. आणि ज्याच्यासाठी राखून ठेवायला हवं तो माणूस समोर येतो तेव्हा आपल्याजवळ चार टक्के उरलेले असतात.

इथे कुणी म्हणेल, मग सगळं सोडून द्यावं का? तसं नाही. भगवंतांनी गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनाला सांगितलं आहे की फार खाणाऱ्याला योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही, फार झोपणाऱ्याला नाही आणि सतत जागणाऱ्यालाही नाही. ज्याचा आहार, विहार, झोप, काम बेताचं, त्याचंच दुःख योगाने दूर होतं. गंमत बघा, बॅटरीचाही धर्म हाच आहे. तिला पूर्ण रिकामी करणंही मानवत नाही आणि शंभर टक्क्यांवर तासन्‌तास गरम ठेवणंही मानवत नाही. वीस ते ऐंशी टक्क्यांच्या मधे राहिली की ती जास्त वर्षं टिकते.

भरून ठेवण्याचा हा प्रश्न आपल्या सुरतकरांना वेगळा सांगायला नको. वर उकाई धरण आहे, १९७२ मध्ये पूर्ण झालेलं. तेही तापीमायची एक बॅटरीच म्हणा ना. पावसाळ्यात भरायचं, वर्षभर शेतीला, विजेला वापरायचं. भरलं नाही तर उन्हाळा कठीण. पण काठोकाठ भरलं आणि वरून जोराचा पाऊस आला तर नवं पाणी ठेवायचं कुठे? ऑगस्ट २००६ मध्ये धरणातून पाणी सोडावं लागलं आणि सुरत कशी बुडाली, हे आपल्यातल्या अनेकांनी गच्चीवर बसून पाहिलं आहे. किती भरायचं आणि किती जागा रिकामी ठेवायची, हा प्रश्न धरण सांभाळणाऱ्याला आहे, मोबाईल बनवणाऱ्याला आहे आणि संसार करणाऱ्या बाईलाही आहे.

आता मुख्य गोष्ट, आणि ती आम्हाला स्वतःला लागू आहे. त्या रात्री ताई रील बघत नव्हत्या, सिरीयल बघत नव्हत्या. सत्संगच ऐकत होत्या. म्हणजे चांगल्या कामातही बेत राहिला नाही तर ते दुसऱ्या चांगल्या कामाच्या वाट्याचं खाऊन टाकतं. आईच्या हाकेला "ओ" देणं ही काय कमी सेवा आहे? आम्ही हजेरी मोजत राहिलो. ऐकणाऱ्याच्या घरी कोण आजारी आहे, कुणाचा नवरा रात्रपाळीला आहे, हे आमच्या ध्यानातच आलं नाही. त्याबद्दल आम्ही ताईंची हात जोडून क्षमा मागितली, आणि आज आपल्या सगळ्यांसमोरही मागतो.

महाराजांच्या आज्ञेने केंद्राने काही गोष्टी ठरवल्या आहेत. आपणही घरी सुरू कराव्यात, ही विनंती.

१. गुरुवारचं प्रवचन आता पाऊण तासाचंच राहील आणि रात्री नऊच्या आत संपेल. हजेरीचे नमस्कार बंद. दुसऱ्या दिवशी फक्त आवाजाची फाईल ग्रुपवर येईल. स्क्रीन बंद ठेवून ऐकली की चार्जिंग फार कमी जातं, आणि डोळे मिटून ऐकल्याने मनही जागेवर राहतं.

२. रात्री निजताना एका तरी मोबाईलमध्ये निम्मी बॅटरी असलीच पाहिजे, आणि त्याची रिंग मोठी असावी. सांजवातीच्या वेळी मोबाईल चार्जिंगला लावायची सवय केली तर दोन्ही कामं होतात. तेवढा वेळ तो हातातही राहत नाही.

३. पूर्ण उतरल्याशिवाय चार्ज करू नये, हा जुन्या निकेलच्या बॅटरीचा नियम होता. आताच्या बॅटरीला मधेमधे थोडं थोडं चार्ज केलेलं चालतं. मात्र चार्जिंगला लावून उशीखाली, गॅसजवळ किंवा उन्हात ठेवू नका. उष्णता हा बॅटरीचा खरा शत्रू. वीस टक्क्यांवर आली की बॅटरी सेव्हर चालू करा.

४. गावी म्हाताऱ्या आई-वडिलांना मोबाईल देताना, दिसतो कसा हे बघू नका. त्यांच्या डोळ्यांना अक्षर दिसतं का, बोटांना बटण सापडतं का, लाईट गेली तरी दोन दिवस चालतो का, हे बघा. आपल्या एका आजोबांना मुलाने हौसेने पातळ, भारी मोबाईल घेऊन दिला. आजोबा फोन उचलायला जात आणि तो कट होई. पुन्हा साधा बटणांचा दिला तेव्हा आजोबा म्हणाले, आता तू मला सापडलास. महागाची वस्तू दिली म्हणजे माणसाची सोय केली असं होत नाही.

५. शेजारचे दोन आणि केंद्रातला एक असे तीन नंबर गावाकडच्या माणसांना आजच कळवा. त्यांचे नंबर आपल्या देव्हाऱ्याजवळ कागदावर लिहून ठेवा. कागदाला चार्जिंग लागत नाही.

साधारण पाचशे वेळा पूर्ण चार्ज होऊन उतरली की बॅटरीची ताकद ऐंशी टक्क्यांवर येते, असं गणित धरतात. आपल्याही आयुष्यात गुरुवार मोजकेच आहेत, आणि आईबरोबर बोलण्याचे दिवस त्याहून मोजके. बॅटरी बदलता येते. ती रात्र ताईंना परत मिळाली नाही.

ताई आता दर गुरुवारी सगळ्यांच्या आधी येतात. नव्या बायकांना पहिल्यांदा विचारतात, "मोबाईल चार्ज आहे ना? घरी कुणी वाट बघतंय का?" मग फुलं निवडायला बसवतात. आम्हाला विचाराल तर आमच्या केंद्रातलं सगळ्यात मोठं प्रवचन तेच.

आज हे वाचून झालं की एक करा. नमस्कार लिहू नका. ग्रुप बंद करा, आणि ज्यांना बरेच दिवस फोन केला नाही त्यांना लावा. तिकडे तापीकाठी कुणीतरी वाट बघत असेल.

लिहिण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर क्षमा असावी. आपल्या कुटुंबाच्या ग्रुपवर घरच्या मोठ्यांना हे वाचून दाखवावं.

॥ सद्गुरुनाथ महाराज की जय ॥

आपल्या,
सेवेकरी भगिनी, कामरेज केंद्र