डोळा, नियम आणि जाब

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पालगतच्या सीतारामपेठ गावाजवळ २०२३ साली कृत्रिम बुद्धिमत्तेचे कॅमेरे बसविण्यात आले. वाघ दिसताच माणसांना सावध करणे हे त्यांचे काम. अशा यंत्रणेत दोन प्रकारचे ज्ञान लागते. असंख्य छायाचित्रांवरून यंत्र वाघ ओळखावयास शिकते. त्या ओळखीचे कारण त्याला शब्दांत सांगता येत नाही. ‘वाघ दिसल्यास इशारा द्यावा’ हा मात्र माणसाने लिहिलेला नियम असतो. पहिल्यावाचून दुसरे आंधळे, दुसऱ्यावाचून पहिले मुके.

आपणांस ही जोडी नवी नाही. रमजानचा चंद्र डोळा पाहतो. त्यावरून रोजा केव्हा धरावा, हे शरीअतचा नियम सांगतो. परंतु या दोहोंमध्ये साक्षीदार असतो. त्याची सचोटी पारखली जाते आणि आपल्या साक्षीबद्दल तो अल्लाहसमोर उत्तरदायी असतो.

यंत्रात असा साक्षीदार नाही. सावलीलाच वारंवार वाघ ठरविले, तर गाव इशाऱ्याकडे दुर्लक्ष करू लागेल. वाघाला सावली ठरविले, तर चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात पहाटे मोहफुले वेचावयास गेलेली एखादी आई घरी परतणार नाही. मग जाब कोण देणार? सूरह बनी इस्राईलची शिकवण अशी की, कान, डोळे व अंतःकरण या सर्वांविषयी विचारणा होईल. यंत्राला अंतःकरण नाही. ते बसविणाऱ्यांना व वापरणाऱ्यांना आहे.

म्हणून यंत्राचे साहाय्य अवश्य घ्यावे. जीव वाचविणे हे नेकीचेच काम आहे. मात्र कॅमेरा आहे म्हणून जंगलाकडे निघालेल्या शेजाऱ्याला सावध करण्याचे आपले कर्तव्य संपले, असे मानू नये. त्याविषयी आपल्यालाच विचारले जाईल.