पुंडलिकाने देवाला परत पाठवलं नाही

पुंडलिकाची कथा आपल्याकडे मातृपितृभक्तीचा धडा म्हणून सांगितली जाते. देव दारात आला, पण आईवडिलांची सेवा चालू होती म्हणून पुंडलिक उठला नाही. सांगताना एक गोष्ट मात्र निसटते. त्याने देवाला ‘नंतर ये’ असंही म्हटलं नाही. वीट टाकली आणि उभा राहा म्हणाला. घरात आईचं किंवा वडिलांचं मोठं दुखणं आहे आणि हातात अर्धवट कादंबरी, चित्र किंवा बंदिश आहे, अशा माणसाने ही कथा पुन्हा ऐकावी.

त्याला लोक दोनच वाटा सुचवतात. एक रंगभूमीवरची, काहीही होवो, प्रयोग झालाच पाहिजे. ती एका रात्रीपुरती खरी असेल, वर्षानुवर्षांच्या दुखण्यात तिचा उपयोग नाही. दुसरी अधिक सज्जन वाटते: आधी आई, लिहिणं काय नंतरही होईल.

या ‘नंतर’ची मला भीती वाटते. मूत्रपिंडं निकामी झाली की डायलिसिस बहुधा आठवड्यातून तीनदा, दर वेळी सुमारे चार तास करावं लागतं, आणि प्रत्यारोपण झालं नाही तर ते कायमचं. माझ्या आईचं तेच चालू आहे. पाणी मोजून द्यायचं, शहाळं आणि केळं बंद, डायलिसिससाठी फिस्टुला केलेल्या हातावर रक्तदाब बघू द्यायचा नाही. परत आल्यावर ती इतकी गळून गेलेली असते की कुणाशी बोलतही नाही. अशा दुखण्यात ‘हे संपलं की लिहीन’ म्हणायचं, तर ‘हे’ कसं संपणार ते घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. मग आपलं पुस्तक आईच्या मरणापलीकडे जाऊन बसतं, आणि त्या पुस्तकाची ओढ मनात कुठे जाऊन पोचते हे स्वतःशीही कबूल करवत नाही. काम पुढे ढकलणं हा त्याग दिसतो. माझ्या मते त्यानेच सेवेत विष कालवलं जातं.

म्हणून काम आजच चालू हवं, पण लहान होऊन. फ्रेंच लेखक रोलाँ बार्थ आयुष्याचा बहुतेक काळ आईबरोबर राहिला. १९७७ साली ती आजारी पडली तेव्हा तिची शुश्रूषा त्याने केली. २५ ऑक्टोबरला ती गेली आणि दुसऱ्याच दिवसापासून त्याने टंकलेखनाच्या कागदाचे चार-चार तुकडे करून त्यांवर नोंदी करायला सुरुवात केली. शोकाच्या त्या काळात एवढाच कागद पेलवत असावा. पुढे १९८० मध्ये त्याचं छायाचित्रणावरचं पुस्तक आलं. आजारात तिला कपापेक्षा वाडग्यातून चहा पिणं सोपं जाई, तो वाडगा आपण धरत होतो आणि ती आपली लहान लेक झाली होती, असं त्यात येतं. वाडग्याची ही गोष्ट तो धरणाऱ्यालाच ठाऊक असते. शुश्रूषेने लेखकाचा वेळ घेतला हे खरं, पण तिने त्याला जे दाखवलं ते अभ्यासिकेत बसून दिसलं नसतं.

इथे एक प्रश्न बोचतो. आईच्या दुखण्याचा आपण मजकूर करतो आहोत का? फ्रेंच लेखिका ॲनी एर्नोची आई स्मृतिभ्रंशाने खचत गेली. तिला भेटून आल्यावर एर्नो मिळेल त्या कागदावर टिपून ठेवी. आई १९८६ मध्ये गेली, ती टिपणं छापली गेली १९९७ मध्ये. मला हा मार्ग योग्य वाटतो. टिपून जरूर ठेवावं, नाहीतर पुढे काहीच नीट आठवत नाही. पण जे माणूस आज वाचून हरकत घेऊ शकत नाही, त्याचं अंथरूण लगेच जगापुढे मांडू नये. रुग्णालयातल्या खाटेचे फोटो त्याच संध्याकाळी फेसबुकवर टाकणं मला सहन होत नाही.

आणि वीट सगळ्यांच्या हाताशी नसते. मुलगा लिहीत बसला तर घर आवाज कमी करतं. सून किंवा लेक तानपुरा घेऊन बसली तर ‘अशा वेळी सुचतं कसं’ हे ऐकायला मिळतं, तेही शुश्रूषेचा सगळा भार तिच्यावरच असताना. ती घटकाभर गायली म्हणून सासूचं दुखणं वाढत नाही. गायली नाही तर तिचा गळा मात्र जातो.

तुमच्या नात्यात असं घर असेल तर फळं घेऊन भेटायला जाऊ नका, त्यातली बरीचशी रुग्णाला चालत नाहीत. फोन करून वार विचारून घ्या, डायलिसिसच्या खुर्चीशेजारी ते चार तास तुम्ही बसा, आणि त्या सुनेला किंवा लेकीला घरी राहू द्या.