निवळलेल्या पाण्याचा रंग

‘पाण्या तुझा रंग कसा? ज्यात मिसळावे तसा.’ ही म्हण आपण पाण्यापेक्षा माणसांसाठीच अधिक वापरतो. ज्याला स्वतःचे मत नाही, तो पाण्यासारखा. शाळेनेही तेच पढवले: पाणी रंगहीन, गंधहीन, चवहीन.

म्हणीला पुरावे हवे तेवढे सापडतात. आषाढात कोकणातल्या नद्या जांभ्याची तांबडी माती घेऊन उतरतात. गावतळे शेवाळाने हिरवे पडते. लोणारचे सरोवर जून २०२० मध्ये चक्क गुलाबी झाले. पाणी आटून क्षार वाढला आणि खारात फोफावणाऱ्या सूक्ष्मजीवांचा रंग त्याला चढला. प्रत्येक वेळी रंग सोबतीचा.

मग खोल समुद्राची निळाई कोणाची? आभाळाची, असे भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांचे मत होते. १९२१ मध्ये इंग्लंडहून परतताना चंद्रशेखर वेंकट रामन यांनी बोटीवरूनच ते पडताळले. निकोल प्रिझममधून पाहिले की पाण्यावरून परावर्तित होणारे आभाळ बाजूला सारता येते. ते सारले, तर भूमध्य समुद्राची निळाई उणावण्याऐवजी खुललीच. ‘नेचर’साठी लिहिलेल्या त्यांच्या पत्रावर पत्ता होता मुंबई बंदराचा, जिथे खाड्यांचा गाळ ही निळाई सहसा दिसूच देत नाही.

पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात, असे रामन यांनी मांडले. त्या विखुरण्याचा माग काढत ते १९२८ च्या ‘रामन परिणामा’पर्यंत पोचले. पण निळाईचे आणखी एक मोठे कारण आहे: पाणी प्रकाशातला तांबडा भाग गिळते. गिळते तेही इतके थोडे, की पेल्याच्या चार बोटांत ते जाणवत नाही. ते जाणवायला कित्येक हात पाणी लागते. आपण पेला पाहून निकाल दिला आणि समुद्रालाही तोच लावला.

गढूळ पाण्यात निवळीचे बी उगाळून घालायची जुनी रीत आहे. माती तळाशी बसते आणि पाणी ‘निवळते’. निवळणे म्हणजे कोरे होणे, असे आपण धरून चालतो. रामन यांनी आभाळ बाजूला सारले तेव्हा पाणी कोरे झाले नाही, स्वतःच्या रंगावर आले. बिनरंगी म्हणून ज्याला आपण हिणवतो, त्याला आपण पेलाभर तरी पाहिलेले असते का?