फेसाचा वास निवडताना

मानपाडा रोड, डोंबिवली पूर्व

चि. बाळू यास,


परवा फोनवर तू नव्या सलूनसाठी दोन गोष्टी विचारल्यास. दाढीसाठी कुठला माल भरू, आणि दुकानभर एकच सुगंध पसरवणारं ते यंत्र बसवू का? फोनवर घाईत उत्तर देण्यासारखा हा विषय नाही, म्हणून लिहायला बसलो. खुर्च्या, आरसे, एसी यातलं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. वासाच्या बाबतीत मात्र माझं ऐक. मानपाडा रोडवर ब्रश फिरवण्यात माझी हयात गेली आहे.

यंत्र बसवू नकोस. वास गिऱ्हाइकाच्या पसंतीचा असावा, दुकानाच्या नाही. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या गळ्याशी तू वस्तरा धरलेला असतोस. त्याला मान हलवता येत नाही, तोंड उघडता येत नाही. श्वास तेवढा चालू असतो, आणि प्रत्येक श्वासात नाकाखालचा तो फेस असतो. तो वास त्याला नकोसा असेल तर तो बिचारा गप्प बसतो, पैसे देतो आणि पुन्हा येत नाही. तू मात्र वस्तरा बोथट होता का, याचा विचार करत बसतोस.

आधी साबण समजून घे. एमआयडीसीतले केमिस्ट माझ्याकडे दाढीला यायचे, त्यांच्याकडून मी हे शिकलो. अंगाच्या साबणाच्या वडीत कॉस्टिक सोडा वापरतात. दाढीच्या साबणात त्याच्या जोडीला कॉस्टिक पोटॅशही असतं, आणि तेलांबरोबर स्टिअरिक आम्ल भरपूर घालतात. पोटॅशमुळे साबण मऊ राहतो आणि ओल्या ब्रशला पटकन लागतो. स्टिअरिकमुळे फेस दाट होतो, गालावर सुकत नाही. खोबरेलामुळे बुडबुडे भराभर येतात. हे सगळं अल्कलीचं घर आहे, आणि सुगंधाला त्या घरात महिनोन् महिने राहायचं असतं. सगळ्यांना ते जमत नाही. व्हॅनिला असेल तर वडी हळूहळू तपकिरी पडते. लिंबाचं तर विचारूच नकोस.

लिंबाच्या वासाला आपल्याकडे मागणी फार, म्हणून त्याचं नीट सांगतो. कापलेल्या लिंबाचा तो तरतरीत वास ज्या सिट्रालमुळे येतो, ते अल्कलीत तग धरत नाही. म्हणून साबणवाले त्याच्या जवळपासचे, पण टिकाऊ वास वापरतात. लिंबू-संत्र्याच्या सालीतलं लिमोनिन तर हवा लागली की बिघडतं. मग वासाला टर्पेंटाइनची झाक येते, आणि त्या बिघडलेल्या लिमोनिनची कातडीला अॅलर्जीही जास्त होते. तेव्हा लिंबाचा माल थोडा थोडा आण, पाकिटावरची तारीख बघ, उन्हाच्या काचेत मांडून ठेवू नकोस. रंगकामासारखा वास आला की वडी फेकून दे. दोन पैसे वाचवायला ती कुणाच्या गालावर घासू नकोस.

माल पसंत करताना डबी उघडून नुसता हुंगू नकोस. कोरडी वडी फार थोडं सांगते. ब्रश कोमट पाण्यात भिजव, झटक, वडीवर गोल गोल फिरव आणि फेस तळहातावर काढ. ऊब आणि पाणी मिळालं की वास उठतो. सगळ्यात आधी लिंबाचा किंवा संत्र्याचा हलका वास येतो आणि चटकन निघून जातो. फेस दाट होईपर्यंत मधला वास येतो, लव्हेंडरचा, गुलाबाचा, नाहीतर लवंगेचा. हात धुऊन पुसलास आणि पाव तासाने पुन्हा नाकाशी नेलास की जो उरलेला असतो, तो खालचा वास: चंदन, लाकूड, कस्तुरीची नक्कल. गिऱ्हाईक घरी घेऊन जातं तो हाच. तिन्ही वेळा नाकाला बरं वाटलं तरच तो साबण दुकानात घे. आणि हे सगळं तुझ्या दुकानाच्या नळाच्या पाण्यावर कर. तुझ्या भागातल्या टॉवरांत टँकरचं किंवा बोअरचं पाणी येतं. ते जड असेल तर साबणाची साय होते, फेस बसतो आणि वासही फुलत नाही. अशा वेळी दाढीपुरतं फिल्टरचं पाणी वेगळं ठेव.

आता कायम कुठले वास ठेवायचे ते सांगतो. चार पुरेत.

पहिला लव्हेंडर आणि सुक्या गवताचा. जगभर सलूनचा म्हणून जो वास ओळखला जातो तो हाच. सुक्या गवतासारखा वास कुमारिनचा. विल्यम पर्किन या केमिस्टने १८६८ मध्ये ते प्रयोगशाळेत बनवलं. १८८२ मध्ये पॅरिसच्या उबिगाँ या अत्तरवाल्यांनी लव्हेंडर, कुमारिन आणि ओकच्या झाडावरचं दगडफूल यांच्या मेळातून एक अत्तर काढलं, आणि पुढे दाढीचे साबण, क्रीम, लोशन सगळे त्याच वाटेने गेले. ज्याला काय हवं ते सांगता येत नाही, त्याला हा दे. बहुतेकांना मानवतो.

दुसरा मसाल्याचा. ओल्ड स्पाइस अमेरिकेत १९३८ पासून पुरुषांसाठी विकायला लागलं. लवंग, दालचिनी, जायफळ यांची ती ऊब आपल्याकडच्या एका अख्ख्या पिढीने बापाच्या गालावर हुंगली आहे. पन्नाशी-साठीचा माणूस हा वास आला की खुर्चीत सैल होतो, हे मी कितीदा पाहिलं आहे. पण लवंगेतलं युजेनॉल सोललेल्या कातडीला झोंबतं. ज्याची उलटी दाढी करायची आहे, ज्याच्या मानेवर पुटकुळ्या आहेत, त्याला हा साबण लावू नकोस.

तिसरा चंदनाचा. अस्सल चंदनतेल इतकं महाग आहे की सलूनच्या साबणात ते असणार नाही. जे असतं ते कारखान्यात बनवलेलं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. चांगलं बनवलेलं असेल तर छान वाटतं. हा वास सर्वांत जास्त वेळ टिकतो. म्हणूनच तो थोडाच हवा. लग्नाला, साखरपुड्याला निघालेल्याला दे. बारा तासांच्या शिफ्टला निघालेल्याला देऊ नकोस, दुपारपर्यंत त्याचं डोकं धरेल.

चौथा पुदिना-निलगिरीचा. इटलीत फ्लॉरेन्समध्ये प्रोरासो नावाचं मेंथॉल-निलगिरीचं क्रीम १९४८ मध्ये निघालं, आणि तिकडच्या न्हाव्यांनी ते डोक्यावर घेतलं. आपल्या मे महिन्यात त्याची किंमत कळते. मात्र एक ध्यानात ठेव. मेंथॉलने कातडी थंड होत नाही. गारवा ओळखणाऱ्या मज्जातंतूंना ते जागं करतं, म्हणून गार वाटतं. जास्त झालं की तेच झोंबतं आणि डोळ्यांत पाणी आणतं. वरच्या ओठावर हा फेस पातळ लाव.

या चारांशिवाय पाचवी डबी बिनवासाची असू दे, आणि ती कधी संपू देऊ नकोस. माझ्याकडे दम्याचा एक माणूस यायचा. दारातच उभा राहून विचारायचा, आज आत काय लावलंय? त्याच्यासाठी मी पंखा लावून दार उघडं ठेवायचो, बिनवासाचा फेस काढायचो आणि दाढी झाल्यावर नुसती तुरटी फिरवायचो. तो शेवटपर्यंत माझ्याकडेच आला. आजारातून उठलेल्याला, केमो चालू असलेल्याला, ज्याच्या घरी नुकतंच कुणी गेलं आहे त्याला, सुगंध नको असतो. तो स्वतःहून बोलणार नाही. ते तू ओळखायचं.

अॅलर्जीचं हसण्यावारी नेऊ नकोस. युरोपात २००५ पासून सुगंधातले २६ घटक पाकिटावर नावानिशी छापावे लागतात. लिमोनिन, लिनालूल, सिट्राल, कुमारिन, युजेनॉल ही नावं त्यातलीच. २०२३ मध्ये ही यादी ८० च्या पुढे नेली. नाजूक फुलाचा वास देणारं लिलिअल पूर्वी दाढीच्या मालात सर्रास असायचं, त्यावर तिकडे मार्च २०२२ पासून बंदीच आहे. तू पाकिटामागची बारीक अक्षरं वाचायची सवय लाव. नवीन माल आणलास की आधी स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला लाव, दोन दिवस बघ. गिऱ्हाइकाच्या मानेवर लाल चट्टा दिसला तर कुठला साबण लावला होता ते वहीत त्याच्या नावापुढे लिहून ठेव.

आपल्या डोंबिवलीकरांना आणखी एक अडचण आहे. एमआयडीसीचा वारा फिरला की नाक आधीच दमलेलं असतं. शिवाय एकाच वासात तासभर राहिलं की नाक तो सांगायचं सोडून देतं. म्हणून आपल्या दुकानात काय वास आहे हे न्हाव्यालाच सर्वांत कमी कळतं. दर दोन-तीन तासांनी बाहेर रस्त्यावर जाऊन ये आणि आत शिरताना पहिल्या श्वासात काय येतं ते बघ. ओल्या टॉवेलचा कुबट वास असेल तर टॉवेल उकळ. मोरीचा असेल तर मोरी घास. त्यावर सुगंध फवारू नकोस, घाण तशीच राहते आणि गिऱ्हाइकाला दोन्ही कळतात. संत सेना महाराजांची तसबीर तू लावशीलच. उदबत्ती दुकान उघडताना लाव आणि पहिलं गिऱ्हाईक खुर्चीत बसायच्या आत विझू दे. उदबत्तीचा धूर आणि लिंबाचा फेस एकत्र आले की दोन्ही बिघडतात.

वासाचा हा धंदा छोटा समजू नकोस. रेमंडचा पार्क अव्हेन्यूसकट साबण-डिओडरंटांचा व्यवसाय गोदरेज कन्झ्युमरने २०२३ मध्ये २,८२५ कोटी रुपयांना घेतला. आणि वास बनवणारी विद्या आपल्या दारातच आहे. एस. एच. केळकर आणि कंपनी १९२२ पासून सुगंध बनवते, मुलुंडला त्यांचं मोठं काम आहे. तिथल्याच वझे कॉलेजात सुगंध आणि सौंदर्यप्रसाधनांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतो. तुझी धाकटी बहीण केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. करते आहे, तिला हे सांग. डोंबिवलीहून लोकलने जाण्यासारखं अंतर आहे. घरात एकाच्या हातात वस्तरा आणि दुसरीच्या हातात अत्तराची कुपी असेल तर ताईला, तुझ्या आईला, केवढा आनंद होईल!

ब्रश प्रत्येक दाढीनंतर साबणाने धुऊन उलटा टांग. वडी सगळ्यांच्या चेहऱ्याला थेट घासू नकोस, फेस वाटीत वेगळा काढ. ब्लेड प्रत्येकाला नवं, हे तुला सांगायला नको.

उद्घाटनाच्या दिवशी गर्दी असेल, घाई असेल. तरीही प्रत्येक माणसाला आधी डब्या दाखव, विचार, "यातला कुठला चालेल?" त्याने बोट दाखवल्याशिवाय ब्रश ओला करू नकोस. एवढं पाळलंस तर बाकीचं तुझा हात बघून घेईल.

ताईला नमस्कार, धाकटीला आशीर्वाद.

तुझा
मामा